पश्चिम आफ्रिकेच्या संग्राह्य नोटा : ओळख आणि खरेदीची सविस्तर रीत

पश्चिम आफ्रिकेच्या नोटा गोळा करू लागलेल्या संग्राहकाची पहिली अडचण अशी की, त्या प्रदेशात देश आणि चलन यांची जोडी सरळ लागत नाही. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, बेनिन, बुर्किना फासो, माली, नायजर, टोगो आणि गिनी-बिसाऊ या आठ देशांत आज सीएफए फ्रँक हे एकच चलन चालते. शेजारच्या गिनीने मात्र १९६० मध्ये त्या चलनातून बाहेर पडून स्वतःचा फ्रँक काढला, पुढे त्याच्या जागी सिली आणले आणि १९८० च्या दशकात पुन्हा फ्रँककडे वळणे पसंत केले. नायजेरियाच्या पूर्व भागात १९६७ ते १९७० या काळात बियाफ्रा नावाचे स्वतंत्र राज्य उभे राहिले आणि मावळले, पण तेवढ्यात त्याच्या नोटांच्या दोन मालिका निघाल्या. त्यामुळे विक्रेत्याने पाकिटावर लिहिलेला देश, साल आणि दर्जा या तिन्ही गोष्टी नोटेवरूनच पडताळून घ्याव्या लागतात. ती पडताळणी कोणत्या क्रमाने करावी हे या लेखात सांगितले आहे. किमतीचा विचार त्यानंतरच करावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात बँकेच्या नावापासून

नोट हातात आली की चित्राकडे पाहण्याआधी ती काढणाऱ्या बँकेचे किंवा मंडळाचे नाव वाचावे. नोटेवर आडव्या अक्षरांत फ्रेंच नाव असेल, तर ते डाकार येथे मुख्यालय असलेल्या पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे संग्राहक ज्याला ‘बीसीईएओ’ म्हणतात तिचे, आहे की मध्य आफ्रिकेच्या ‘बीईएसी’चे, हे नीट पाहावे. दोन्ही चलनांना सीएफए फ्रँक म्हणतात, दोन्हींचा युरोशी ठरलेला दर एकच आहे, आणि विक्रेत्यांच्या यादीत ही दोन घराणी सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात. पश्चिमेकडच्या नोटांवर करवत माशाचे शैलीदार चिन्ह असते. अकान लोकांच्या सोने तोलण्याच्या पितळी वजनांवरून घेतलेले हे चिन्ह एकदा डोळ्यांत बसले की गोंधळ उरत नाही.

त्याहून जुन्या फ्रेंच नोटांवर १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ‘बांक द लाफ्रिक ऑक्सिदांताल’चे नाव असते. सुरुवातीच्या नोटांवर डाकार, कोनाक्री, ग्रँ-बासाम, पोर्तो-नोव्हो अशा शाखांची नावेही सापडतात, आणि तेथे शाखेच्या नावानुसार दुर्मिळता व किंमत बदलते. १९५५ ते १९५९ या मधल्या काळात फ्रेंच पश्चिम आफ्रिका आणि टोगो यांच्यासाठी वेगळी चलनसंस्था होती, तिचे नाव लांबलचक असल्याने लगेच ओळखू येते.

इंग्रजी नोटांपैकी जुन्यांवर ‘वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड’ असे नाव असते. १९१२ मध्ये स्थापन झालेले आणि लंडनहून चालवले जाणारे हे मंडळ नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन आणि गांबिया या चार वसाहतींसाठी चलन काढत असे. त्याच्या नोटा १९१६ पासून निघाल्या आणि त्या शिलिंगांमध्ये आहेत. या नोटा चारही वसाहतींना सामाईक असल्याने त्या ‘घानाच्या’ किंवा ‘नायजेरियाच्या’ म्हणून विकणाऱ्याला नोटेची माहिती नाही, एवढे निश्चित समजावे.

सीएफए नोटांमधले अक्षर, आकडा आणि सही

या भागावर मी सर्वाधिक भर देतो, कारण पश्चिम आफ्रिकेच्या नोटांचा खरा अभ्यास येथेच सुरू होतो. नोटा फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या शामालिएर येथील छापखान्यात छापल्या जातात, चित्र आठही देशांसाठी तेच असते, आणि कोणत्या देशासाठी नोट निघाली हे केवळ लेखांकाच्या, म्हणजे नोटेच्या अनुक्रमांकाच्या, जोडीला असलेल्या एका रोमन अक्षरावरून कळते. ए म्हणजे आयव्हरी कोस्ट, बी म्हणजे बेनिन, सी म्हणजे बुर्किना फासो, डी म्हणजे माली, एच म्हणजे नायजर, के म्हणजे सेनेगल, टी म्हणजे टोगो आणि एस म्हणजे गिनी-बिसाऊ. मॉरिटानियासाठी ई हे अक्षर होते, पण त्या देशाने १९७३ मध्ये उगिया हे स्वतःचे चलन सुरू केल्यावर ते बंद झाले. देशाचे नाव बदलले तरी अक्षर बदलले नाही. डाहोमीचा १९७५ मध्ये बेनिन झाला आणि अप्पर व्होल्टाचा १९८४ मध्ये बुर्किना फासो झाला, तरी बी आणि सी ही अक्षरे तशीच राहिली.

मध्य आफ्रिकेच्या नोटांवरही देशाची अक्षरे असतात आणि त्यांचा अर्थ निराळा असतो. तिकडच्या २००२ च्या मालिकेत ए म्हणजे गॅबन, सी म्हणजे चाड आणि टी म्हणजे काँगो. म्हणून बँकेचे नाव वाचल्याशिवाय अक्षराचा अर्थ लावू नये.

अक्षरानंतर लेखांकाचे पहिले दोन आकडे पाहावेत. १९९० च्या दशकातील मालिकेपासून हे दोन आकडे छपाईचे वर्ष दाखवतात : ९८ म्हणजे १९९८, ०१ म्हणजे २००१, १४ म्हणजे २०१४. सध्या चालू असलेल्या १,०००, २,०००, ५,००० आणि १०,००० फ्रँकच्या नोटांवर २००३ हे आराखड्याचे वर्ष छापलेले असते. ५०० फ्रँकची नोट २०१२ मध्ये त्यांच्यात सामील झाली. परिणामी, २०१४ साली छापलेली नोटही यादीत ‘२००३ ची नोट’ म्हणून झळकते. खरे वर्ष लेखांकातच असते, आणि संग्राहकांच्या याद्यांमध्ये प्रत्येक वर्षाला स्वतंत्र उपक्रमांक मिळतो.

तिसरी खूण सह्यांची. नोटेवर दोन सह्या असतात, एक सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षांची आणि दुसरी बँकेच्या गव्हर्नरांची. एकाच वर्षाच्या नोटांवर सह्यांच्या दोन वेगवेगळ्या जोड्याही सापडू शकतात, म्हणून वर्ष जुळले एवढ्यावर नोट ओळखली असे मानू नये. सह्यांचा अभ्यास रंजक आहे. पुढे आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष झालेले अलासान वतारा १९८८ ते १९९० या काळात या बँकेचे गव्हर्नर होते, तर नंतरचे गव्हर्नर शार्ल कोनान बानी २००५ मध्ये त्याच देशाचे पंतप्रधान झाले.

या तीन खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्या की अनेक संशयास्पद नोटा आपोआप बाजूला पडतात. गिनी-बिसाऊ या आठ देशांच्या चलनसंघात १९९७ मध्ये आला आणि तेव्हा ६५ पेसोंना १ फ्रँक या दराने त्याचे जुने चलन बदलले गेले. त्यामुळे एस अक्षराच्या नोटेचा लेखांक ९२ किंवा ९४ ने सुरू होत असेल तर ती नोट खरी असू शकत नाही. माली १९६२ मध्ये संघाबाहेर पडला आणि १९८४ मध्ये परतला, म्हणून डी अक्षराच्या नोटा सुरुवातीच्या काळातल्या आणि पुन्हा १९८४ नंतरच्याच असणार. याच कारणाने १९५९ ते १९६५ च्या सुरुवातीच्या मालिकेत मॉरिटानिया आणि माली यांच्या नोटा आयव्हरी कोस्ट किंवा सेनेगलच्या नोटांपेक्षा बऱ्याच कमी दिसतात आणि महाग पडतात, चित्र तेच असले तरी. अक्षर खरवडून दुसरे छापण्याचा मोह होतो तो अशा ठिकाणी. तेव्हा या अक्षरांच्या नोटा विकत घेताना भिंगाखाली अक्षराची शाई आणि बाजूच्या आकड्यांची शाई एकसारखी आहे का, आणि त्याभोवतीचा कागद घासलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नव्या संग्राहकाला माझी शिफारस अशी की, २००३ च्या मालिकेतील १,००० फ्रँकच्या, उंटांचे चित्र असलेल्या, आठ अक्षरांच्या आठ नोटा जमवाव्यात. खर्च बेताचा होतो आणि अक्षर, वर्ष व सही वाचण्याचा सराव हातोहात होतो. १९९२ च्या मालिकेतील २,५०० फ्रँकची नोट हाही चांगला पर्याय आहे, कारण हे मूल्य त्या एकाच मालिकेत निघाले. ती संपूर्ण मालिका ३१ डिसेंबर २००४ नंतर चलनातून बाद झाली.

इंग्रजीत छापलेल्या नोटा

येथे देशाचे नाव स्पष्ट छापलेले असल्याने ओळख सोपी आहे, पण मालिकांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने १९५९ मध्ये पौंड आणला आणि १ जानेवारी १९७३ पासून नायरा सुरू झाला. नायराच्या नोटांवर लेखांकाआधी डीझेड ही अक्षरे असतील तर ती बदली नोट, म्हणजे छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली नोट असते, आणि तिची किंमत साध्या नोटेपेक्षा अधिक असते. चालू नोटांमध्ये २० नायराच्या नोटेची मागची बाजू अवश्य पाहावी, तिच्यावर कुंभारकलेत जगभर नाव कमावलेल्या लादी क्वाली यांचे चित्र आहे.

घानाचा पौंड १९५८ चा आणि सेडी १९ जुलै १९६५ चा. पहिल्या सेडी नोटांवर क्वामे एन्क्रुमा यांचे चित्र होते. फेब्रुवारी १९६६ च्या लष्करी उठावाने त्यांची सत्ता गेली आणि वर्षभरात त्यांच्या चित्राशिवायची नवी मालिका निघाली, त्यामुळे एन्क्रुमांच्या नोटांचा काळ दोन वर्षांहूनही कमी ठरला. १ जुलै २००७ रोजी १०,००० जुन्या सेडींचा १ नवा सेडी झाला. जुन्या सेडीची मोठ्या आकड्याची नोट पाहून कोणी ‘एवढ्या रकमेची नोट’ म्हणून भाव चढवत असेल, तर त्या आकड्याला आता चलनमूल्य नाही हे ध्यानात असावे. सिएरा लिओननेही १ जुलै २०२२ पासून १,००० जुन्या लिओनांचा १ नवा लिओन केला आहे. त्याच देशाच्या १९६४ च्या पहिल्या नोटांवर फ्रीटाऊनचे प्रसिद्ध सावरीचे झाड आहे. ते झाड मे २०२३ मधील वादळात कोसळले, तेव्हापासून या नोटांकडे मी अधिक आस्थेने पाहतो. गांबियाच्या नोटांवरचे पक्षी मन वेधून घेतात, आणि याह्या जामे यांचे चित्र असलेली २०१५ ची मालिका त्यांची सत्ता गेल्यानंतर बदलली गेल्याने तिचा काळ आखूड राहिला.

बियाफ्राकडे मात्र थांबून पाहायला हवे. नायजेरियाने जानेवारी १९६८ मध्ये आपल्या जुन्या नोटा रद्द करून नव्या रंगांच्या आणल्या, आणि बियाफ्राकडे असलेला जुन्या नोटांचा साठा निरुपयोगी झाला. त्याच महिन्यात बियाफ्राच्या बँकेने स्वतःच्या ५ शिलिंग आणि १ पौंडाच्या नोटा काढल्या. दुसऱ्या मालिकेत ५ आणि १० शिलिंग, तसेच १, ५ आणि १० पौंड अशी पाच मूल्ये होती. कोणत्याही नोटेवर साल छापलेले नाही. दर्शनी बाजूला ताडाचे झाड आणि उगवता सूर्य आहे. दुसऱ्या मालिकेची १ पौंडाची नोट कोऱ्या अवस्थेत आजही मुबलक मिळते, कारण युद्ध संपल्यावर तिचे मोठे साठे बाहेर आले. ५ आणि १० पौंडांच्या नोटा वेगळ्याच पायरीवर आहेत. १ पौंडाच्या काही नोटांवर लेखांकच नाही. लेखांक असलेली आणि नसलेली नोट याद्यांमध्ये वेगळी मोजली जाते, म्हणून नोटेचे स्पष्ट छायाचित्र मागवूनच सौदा करावा. ‘दुर्मिळ युद्धकालीन नोट’ एवढ्या शब्दांवर १ पौंडाच्या नोटेला चढा भाव देण्याचे कारण नाही.

गिनी, माली आणि पोर्तुगीज वारसा

गिनीने सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात फ्रान्सला नकार दिला आणि २ ऑक्टोबर १९५८ रोजी तो स्वतंत्र झाला. त्याच्या पहिल्या फ्रँक नोटांवर हीच तारीख छापलेली आहे, परंतु त्या प्रत्यक्षात चलनात आल्या १ मार्च १९६० रोजी. मालीच्या पहिल्या नोटांवरही २२ सप्टेंबर १९६० ही तारीख आहे, आणि त्या १९६२ च्या आहेत. नव्या राष्ट्रांनी नोटेवर आपला गौरवाचा दिवस कोरला, हे जाणून घेतले की ‘१९५८ ची नोट’ या वर्णनाचा खरा अर्थ कळतो. गिनीच्या या पहिल्या मालिकेबाबत आणखी एक गंभीर गोष्ट अशी की, नव्या देशाची अर्थव्यवस्था खिळखिळी करण्यासाठी फ्रेंच गुप्तहेर खात्याने त्या काळात बनावट गिनी फ्रँक पसरवले होते. म्हणून ही मालिका नामांकित तज्ज्ञ विक्रेत्याकडूनच, लेखी हमी घेऊन, विकत घ्यावी.

सिलीच्या १९८० च्या सुमाराच्या नोटा त्या मानाने स्वस्त आणि अर्थपूर्ण आहेत. २ सिलींवर मोरोक्कोचे राजे पाचवे मोहम्मद, ५ वर एन्क्रुमा, १० वर काँगोचे पॅट्रिस लुमुंबा आणि ५०० वर युगोस्लाव्हियाचे टिटो अशी चित्रे आहेत. एका आफ्रिकी देशाने आपल्या नोटांवर दुसऱ्या देशांच्या नेत्यांना इतक्या मनापासून स्थान द्यावे, हे मला त्या काळाच्या विचारांचे सर्वांत बोलके कागदपत्र वाटते.

गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे यांच्या स्वातंत्र्यपूर्व नोटा बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या आहेत. १८६४ मध्ये लिस्बनला स्थापन झालेली ही बँक गोव्यातही कार्यरत होती आणि तेथे तिच्या रुपियाच्या व नंतर एस्कुदोच्या नोटा चालत. गोव्यातील अनेक घरांत अशा नोटा जपलेल्या असतात. ज्यांना त्या परिचित आहेत, त्यांना पोर्तुगीज गिनीच्या (आजच्या गिनी-बिसाऊच्या) नोटा ओळखणे सोपे जाईल, फक्त वसाहतीचे नाव नीट वाचावे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन्ही देशांच्या नोटांवर त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांचे चित्र आढळते, आणि केप व्हर्देने २०१४ मध्ये गायिका सेझारिया एव्होरा यांना २,००० एस्कुदोंच्या नोटेवर आणले.

दर्जा ठरवताना

दर्जाची भाषा जगभर एकच आहे. ‘यूएनसी’ म्हणजे कोरी करकरीत नोट, जिला एकही घडी नाही आणि जिचे चारही कोपरे टोकदार आहेत. ‘एयू’ म्हणजे एखादी हलकी घडी किंवा मोजताना पडलेली चुरगळ. ‘एक्सएफ’ म्हणजे तीनपर्यंत हलक्या घड्या किंवा एक ठळक घडी. ‘व्हीएफ’ नोटेला अनेक घड्या असतात, पण कागदात अजून ताठपणा उरलेला असतो. ‘एफ’ नोट बरीच हाताळलेली आणि मऊ पडलेली असते. घडी पाहण्यासाठी नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून दिव्याचा उजेड तिरपा पाडावा. छायाचित्रावरून खरेदी करायची असेल तर असेच तिरप्या उजेडातले छायाचित्र मागावे. स्कॅनरच्या काचेखाली दाबली गेलेली घडी दिसतच नाही.

फ्रेंच परंपरेच्या जुन्या नोटांना टाचणीची भोके असणे नेहमीचे आहे, कारण गड्ड्या टाचून ठेवण्याची तेथे पद्धत होती. अशा भोकांमुळे किंमत उतरते, पण नोट टाकाऊ ठरत नाही. धुतलेली आणि इस्त्री केलेली नोट हा मात्र खरा धोका आहे. तिचा कागद गुळगुळीत आणि निर्जीव लागतो, छपाईचा उंचवटा बोटाला जाणवत नाही आणि रंग फिके दिसतात. अतिनील दिव्याखाली जुन्या नोटांचा कागद मंद राहायला हवा. तो पांढरा-निळा चमकला तर रसायनाने धुतल्याचा किंवा आधुनिक कागदाचा संशय घ्यावा. जलचिन्ह उजेडात धरून पाहावे : खऱ्या जलचिन्हात छटा हळूहळू गडद होत जातात, तर वरून छापलेल्या खोट्या चिन्हाच्या कडा एकसारख्या कापल्यासारख्या दिसतात.

महागड्या नोटेसाठी पीएमजीसारख्या, नोटांचा दर्जा तपासून देणाऱ्या संस्थेचे सीलबंद प्रमाणपत्र उपयोगी पडते. तेथे ७० गुणांची मोजपट्टी असते आणि ‘ईपीक्यू’ या शेऱ्याचा अर्थ कागद मूळ स्थितीत आहे असा होतो. प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील छायाचित्राशी हातातील नोट जुळते का, हे पाहिलेच पाहिजे.

किंमत आणि व्यवहार

ओळख आणि दर्जा ठरल्यावर नोटेचा पिक क्रमांक काढावा. आल्बर्ट पिक यांच्या सूचीवरून रूढ झालेल्या या क्रमांकाने जगभरचे विक्रेते नोट ओळखतात. बीसीईएओच्या नोटांत हा क्रमांक स्वतःच देश सांगतो : २००३ ची १,००० फ्रँकची नोट आयव्हरी कोस्टसाठी ११५ए, बेनिनसाठी २१५बी, सेनेगलसाठी ७१५के आणि गिनी-बिसाऊसाठी ९१५एस आहे. मग त्या क्रमांकाच्या, त्याच दर्जाच्या नोटा लिलावात प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या ते शोधावे. विक्रेत्यांनी मागितलेला भाव हा पुरावा धरू नये.

चालू नोटेचा तळभाव गणिताने काढता येतो. १ युरोला ६५५.९५७ सीएफए फ्रँक हा दर ठरलेला असल्याने १०,००० फ्रँकच्या नोटेचे चलनमूल्य सुमारे १५.२४ युरो आहे. त्याहून फार स्वस्त मिळणारी ‘कोरी’ नोट संशयास्पद समजावी. डिसेंबर २०१९ मध्ये सीएफएच्या जागी इको नावाचे चलन आणण्याची घोषणा झाली, तेव्हापासून ‘आता या नोटा बंद होणार’ असे सांगून भाव वाढवले जातात. चलन बदलले तरी शिल्लक राहणाऱ्या नोटांची संख्या प्रचंड असेल, म्हणून त्या बोलीवर जास्त पैसे मोजू नयेत.

खरेदीसाठी मुंबई-पुण्यात भरणारी नाणी-नोटांची प्रदर्शने उत्तम, कारण नोट हाताळून पाहता येते. लागोस किंवा आक्रा येथे नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडून चालू नोटा मागवल्या तर त्या स्वस्त पडतात, मात्र जाताना-येताना त्या देशाचे चलन नेण्याच्या मर्यादा त्यांनी आधी विचारून घ्याव्यात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परकीय नोटा जवळ ठेवण्याची एकूण मर्यादा २,००० अमेरिकी डॉलरइतकी आहे. परदेशी विक्रेत्याला पैसे पाठवण्यापूर्वी आपल्या बँकेकडे आणि टपालाने मागवण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याकडे चौकशी करावी. विक्रेत्याकडून परताव्याची मुदत लेखी घ्यावी आणि बिलावर देश, मूल्य, पिक क्रमांक, लेखांक व दर्जा लिहून मागावा.

नोट घरी आली की पीव्हीसी नसलेल्या, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावी. कोकण-मुंबईच्या पावसाळी दमटपणात कागदावर तांबूस डाग पडतात आणि कसर लागते, म्हणून अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा आणि पुड्या वेळोवेळी वाळवून घ्याव्यात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीही वापरू नये. पाकिटाबाहेरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने अक्षर, वर्ष, सह्यांची जोडी, खरेदीची तारीख आणि किंमत नोंदवावी, आणि तीच नोंद एका वेगळ्या वहीतही ठेवावी.